ऊसतोड टोळ्यांमध्ये बीपी-शुगरचा अभ्यास: टोळीला सोबत घेऊन तो कसा करावा

बीड, अहिल्यानगर, जालना, परभणी भागातल्या टोळ्या दसरा-दिवाळीच्या सुमारास निघतात आणि पट्टा पडला की, म्हणजे हंगाम संपला की, मार्च-एप्रिलमध्ये परततात. या पाच-सहा महिन्यांत माणसाचं नाव गावच्या आशाताईच्या यादीत असतं पण माणूस गावात नसतो. जिथे असतो तिथल्या यादीत त्याचं नाव नसतं. बीपी आणि शुगर हे रोज गोळी मागणारे आजार, त्यामुळे याचा पहिला फटका त्यांनाच बसतो. या लोकांवरचे अभ्यासही बहुतेक याच कारणाने फसतात. संख्याशास्त्र बरोबर असतं, वेळापत्रक कोयत्याच्या विरुद्ध असतं.

म्हणून प्रस्तावात सगळ्यात आधी मराठी महिन्यांचा तक्ता काढावा. आषाढ ते भाद्रपद गावात: ओळख, सल्लागार गट, प्रश्नावली आणि पहिली मोजणी. पौष-माघात फडावर, म्हणजे तोडणी चालू असलेल्या शेतावर, दुसरी मोजणी. वैशाखात लोक परतल्यावर तिसरी. निष्कर्ष लोकांसमोर पुढच्या दसऱ्याच्या आधी. म्हणजे निधी चैत्रात मिळाला तरी नीतिमत्ता समितीची मंजुरी आणि प्रशिक्षण यासाठी हातात तीनच महिने उरतात. समितीकडे अर्ज निधीची वाट न बघता आधीच टाकावा. एक दसरा हुकला की अख्खं वर्ष गेलं.

फक्त फडावर मोजलं तर काय चुकतं

फडावर गेलं की सगळे एका जागी सापडतात, म्हणून तिथेच सर्वेक्षण उरकण्याचा मोह होतो. पण ज्याला पक्षाघात झाला, ज्याचा पाय शुगरने कापावा लागला, जिला दम लागतो, ती माणसं उचल (हंगामाआधी मिळणारी आगाऊ रक्कम) घेतच नाहीत किंवा मुकादम, म्हणजे टोळी जमवणारा ठेकेदार, त्यांना घेत नाही. ती गावात म्हाताऱ्यांपाशी आणि मागे ठेवलेल्या पोरांपाशी असतात. फडावर दिसतो तो धडधाकट उरलेला भाग. तेवढाच मोजला की ‘कष्टकऱ्यांना बीपी कमी’ असा गोंडस आणि खोटा निष्कर्ष हाती येतो. यादी गावात करा आणि घराघरातून ‘आता कोण जातं’ याबरोबर ‘पूर्वी कोण जायचं, का थांबलं’ हेही लिहून घ्या. थांबलेल्यांना नमुन्यात जागा द्या.

नमुना किती घ्यावा? बीपीचं प्रमाण २५ टक्के धरलं आणि ५ टक्के चूक चालवून घेतली, तर साध्या सूत्राने २८८ माणसं येतात, ती ३०० धरा. पण एका टोळीतली माणसं एकाच पाण्यावर, एकाच मिठावर आणि बऱ्याचदा एकाच भावकीतली असतात. दर टोळीतून १० जण घेणार असाल आणि आपसातलं साम्य ०.०५ धरलं, तर नमुना वाढवायचा गुणक १ + ९ × ०.०५ म्हणजे १.४५ येतो. तो दीड धरा: ४५०. दहा टक्के गळती धरून ५००, म्हणजे ५० टोळ्या. थांबलेल्यांचा नमुना यात येत नाही, तो वेगळा मोजा. बैलगाडीवाल्या टोळ्या कारखान्याजवळच्या अड्ड्यावर हंगामभर एका जागी राहतात. ट्रक-ट्रॅक्टरच्या टोळ्या फड संपला की कोपी (पाचटाची झोपडी) मोडून पुढे सरकतात. दोन्हींच्या याद्या वेगळ्या ठेवून त्यातून टोळ्या निवडा, नाहीतर सापडायला सोप्या म्हणून गाडीवाल्यांचीच भरती होते. आणि ‘एक कोयता’ म्हणजे जोडपं, दोन माणसं. मुकादमाच्या वहीत २० कोयते लिहिले असतील तर प्रौढ ४० आहेत. अर्धा कोयता एकट्याचा. वहीतले आकडे तसेच उचलले की सगळं गणित निम्म्यावर येतं.

प्रश्न कोणाचा

लोकसहभागाचं नाव घेऊन आधी प्रश्नावली छापायची आणि मग बैठक घ्यायची, ही पद्धत इतकी रुळली आहे की लोकांनाही तिची सवय झालीय. ते चहा पितात, सही करतात, उठतात. खरा सहभाग हवा असेल तर पहिल्या दोन बैठकांना कागद नेऊच नका.

बायकांच्या बैठकीत हंगामाचं कॅलेंडर मांडणं हा उत्तम आरंभ. अंगणात रांगोळीने बारा घरं आखा, पहिलं घर दसऱ्याचं. ज्वारीचे दाणे म्हणजे काम, खडे म्हणजे दुखणं, चिंचोके म्हणजे दुखण्यावर गेलेला पैसा. तिन्ही त्यांनीच मांडायचे, तुम्ही हात लावायचा नाही. बहुधा चित्र असं दिसतं: दाणे पौष-माघात दाटतात, खडे थोडे मागून येतात, आणि चिंचोके हंगामात विखुरलेले असले तरी वैशाखात एकदम ढीग होतो, कारण मोठं दुखणं गावी परतेपर्यंत अंगावर काढलेलं असतं. त्या ढिगाकडे बोट दाखवून ‘हे कशाचे?’ एवढंच विचारावं. पुढचा तास तुम्हाला बोलावं लागत नाही. मांडणीचा फोटो काढा, माणसांचा नको.

या बैठकीतून जे निघतं ते तुमच्या मूळ विषयाला धक्का देतं, द्यायलाच हवं. तुम्ही बीपी मोजायला आलेले असता, त्या कंबरदुखी, अंगावरून जाणं आणि पिशवीच्या ऑपरेशनबद्दल बोलतात. विषय सोडून त्या भरकटल्या असं समजू नका. कंबरदुखीवर रोज घेतल्या जाणाऱ्या वेदनाशामक गोळ्या बीपी वाढवतात आणि मूत्रपिंडावर ताण आणतात. गर्भाशयासोबत अंडाशयंही लवकर काढली गेली तर हाडं ठिसूळ होण्याचा आणि हृदयविकाराचा धोका वाढतो. २०१९ साली बीड जिल्ह्यात ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी झाली, त्यात १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं आढळलं. आकडा हादरवणारा होता, पण कितव्या वर्षी, कुणाच्या सांगण्यावरून, कसली भीती घातल्यावर, हे आकड्यात दिसत नाही. ते बायकांनीच सुचवलेल्या प्रश्नांतून कळतं.

गडचिरोलीत डॉ. राणी आणि अभय बंग यांनी दोन गावांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी करून १९८९ साली दाखवलं की ९२ टक्के जणींना स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार होते आणि त्याआधी तपासणी झालेल्या फक्त ८ टक्के होत्या. तोपर्यंत ग्रामीण बाईचं आरोग्य म्हणजे बाळंतपण आणि कुटुंबनियोजन एवढंच धरलं जात होतं. प्रश्न कुठून सुरू करायचा यावर उत्तर किती अवलंबून असतं, याचं महाराष्ट्रातलं याहून चांगलं उदाहरण नाही.

सल्लागार गट नऊ-दहा जणांचा पुरे. निम्म्याहून जास्त बायका, त्यातही सध्या कोयता चालवणाऱ्या. बंजारा तांड्यावरची किमान एक, दलित वस्तीतली एक, थांबलेल्यांपैकी एक. सरपंच आणि मुकादम या गटात नकोत, त्यांच्याशी वेगळी बैठक घ्या. गटाशी एक पानी लेखी करार करा: माहिती कुणाच्या ताब्यात राहील, छापण्याआधी ३० दिवस गटाला मसुदा वाचून दाखवला जाईल, गटाला आकडे बदलता येणार नाहीत पण स्वतःचं वेगळं म्हणणं अहवालात जोडता येईल. शेवटचं कलम दोन्ही बाजूंना वाचवतं. बैठकीचा बुडालेला रोज द्यायचाच, आणि तो त्या-त्या व्यक्तीच्या हातात, नवऱ्याच्या किंवा मुकादमाच्या नाही.

मुकादम आणि संमती

मुकादमाला टाळून फडावर पोचता येत नाही, आणि त्याच्यामार्फत गेलं तर संमती खरी राहत नाही. उपाय एकच: त्याच्याकडून फक्त वस्तीवर येण्याची परवानगी घ्यायची, माणसांची नाही. ‘मी सांगतो, सगळे देतील’ असं तो प्रेमाने म्हणतो, तेव्हा हसून नको म्हणायचं. डोक्यावर उचल असलेला माणूस मुकादमासमोर नाही म्हणूच शकत नाही.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार वाचता न येणाऱ्याची संमती निःपक्ष साक्षीदारासमोर घ्यायची असते. मुकादमाचा भाऊ, चिटबॉय (तोडणीवरचा कारखान्याचा माणूस), तुमच्याच पथकातला माणूस, यांपैकी कुणी निःपक्ष नाही. शेजारच्या गावातली अंगणवाडीताई किंवा शिक्षक आधीच ठरवून ठेवा. पत्रक वाचून झालं की ‘समजलं का?’ विचारू नका, मान हलतेच. त्याऐवजी तीन गोष्टी त्यांच्या तोंडून वदवून घ्या: आम्ही काय करणार, नाही म्हटलं तर काय होईल, तुमचा आकडा कुणाला कळेल. तिन्ही उत्तरं बरोबर आल्याशिवाय अंगठा घेऊ नये. तांड्यावर हे गोरमाटीत, म्हणजे बंजारा बोलीत, व्हावं.

कुणी नकार दिला आणि कुणाचं बीपी किती, यातलं काहीही मुकादमाच्या कानावर जाता कामा नये. आजारी ठरलेल्या कोयत्याची पुढच्या वर्षीची उचल कमी होते, ही भीती निराधार नाही. ज्याला घरी कागद ठेवायचा नाही त्याला निदान-औषधाचं कार्ड घेण्याची सक्ती करू नका.

मोजणी: इथे सगळ्यात जास्त चुका होतात

दोन घडीच्या खुर्च्या गाडीत टाकल्याशिवाय निघू नका. कोपीत खुर्ची नसते, माणूस उकिडवा किंवा मांडी घालून बसतो, आणि पाठीला टेका नसला, पाय दुमडलेले असले की बीपी खोटंच चढतं. पाठ टेकलेली, तळवे जमिनीवर, दंड हृदयाच्या पातळीवर, लघवी करून आलेला. हात ठेवायला पत्र्याची पेटी उभी केली तरी चालते.

कामावरून आल्यावर अर्धा तास थांबा. त्या अर्ध्या तासात चहा, तंबाखू, मिश्री नको. हे सांगितलं नाही तर पाहुणे आलेत म्हणून पहिला चहाच होतो आणि तुम्हालाही तो घ्यावा लागतो. चहा मोजणीनंतर असं आल्या-आल्या जाहीर करा. मग पाच मिनिटं न बोलता बसणं, तीन मोजण्या, मध्ये तीन-तीन मिनिटं, पहिली सोडून उरलेल्या दोन्हींची सरासरी.

दंड टेपने मोजा. यंत्रासोबत येणारा मध्यम पट्टा साधारण २२ ते ३२ सेंटिमीटर घेराला असतो. ऊस तोडणाऱ्या कित्येक बायकांचा दंड २२ पेक्षा कमी भरतो. त्यांना मोठा पट्टा लावला की बीपी कमी दिसतं आणि खरा रुग्ण सुटतो. लहान पट्टा सोबत हवाच. यंत्र स्वयंचलित आणि प्रमाणित घ्या, बॅटऱ्या दुप्पट घ्या. रोज संध्याकाळी नोंदीतले शेवटचे अंक तपासा: ० ते ९ प्रत्येक अंक साधारण दहा टक्के यायला हवा. एखाद्याच्या नोंदीत शून्यांची रांग लागली असेल तर तो यंत्र न लावता अंदाजाने लिहितोय.

आणखी एक सापळा ऋतूचा. थंडीत सगळ्यांचंच बीपी थोडं वर असतं. श्रावणात गावात आणि पौषात फडावर मोजून फरकाचा सगळा दोष उसाला देऊ नका. त्याच पौषात गावात थांबलेल्यांचंही मोजा, म्हणजे थंडीचा वाटा वेगळा काढता येईल.

शुगरचं प्रकरण याहून मजेशीर आहे. बोटाला उसाचा रस लागलेला असताना सुई टोचली तर धडधाकट माणसाची शुगर अडीचशे-तीनशे दिसू शकते. स्पिरिटचा बोळा फिरवून साखर नीट जात नाही. साबण आणि पाण्याने हात धुवायचे, कोरडे करायचे, पहिला थेंब पुसून दुसरा घ्यायचा. फडाजवळ पाणी दुर्मीळ, तेव्हा वीस लिटरचा जार सोबत न्या. शुगर मोजायच्या पट्ट्यांची (स्ट्रिप) डबी उघडल्यावर तारीख लिहा आणि ती गाडीच्या डॅशबोर्डवर उन्हात ठेवू नका. तीस अंशांवर गेलेल्या पट्ट्यांचा भरवसा नाही.

उपाशीपोटी रक्त मिळेल ही आशा सोडा. पहाटे चारला चहा पिऊन माणूस फडात असतो. मग एचबीएवनसीकडे (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर दाखवणाऱ्या तपासणीकडे) वळावं तर रक्तक्षय आडवा येतो: लोहाच्या कमतरतेत तो खोटा वाढतो, आणि रक्तपेशी लवकर फुटत असतील तर खोटा घटतो. म्हणून प्रत्येक एचबीएवनसीसोबत हिमोग्लोबिन मोजायचंच, आणि बाईचं १२ च्या खाली, पुरुषाचं १३ च्या खाली असेल तर त्या आकड्यावर एकट्याने निदान करायचं नाही. नंदुरबार-धुळ्याच्या भिल्ल, पावरा टोळ्या दक्षिण गुजरातच्या कारखान्यांवर जातात, तिथे सिकलसेलचीही (रक्तपेशी लवकर फुटणाऱ्या आनुवंशिक आजाराची) चौकशी हवी. शंका असलेल्यांची उपाशीपोटी तपासणी वैशाखात गावी परतल्यावर करा. १२६ किंवा त्याहून जास्त आली तर पुन्हा एकदा खात्री.

मूत्रपिंडाचा विषय घेणार असाल तर मध्य अमेरिकेचा धडा लक्षात ठेवा. निकाराग्वा आणि एल साल्वादोरमध्ये ऊसतोड करणाऱ्या तरुणांत, बीपी-शुगर नसतानाही मूत्रपिंडं निकामी होताना आढळली; उन्हातले अतिकष्ट आणि पाण्याची कमतरता यावर मुख्य संशय आहे. म्हणून क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारी रक्ततपासणी) इथेही बघण्यासारखं आहे. पण दिवसभर तोडणी करून आलेल्याचं संध्याकाळी घेतलेलं क्रिएटिनिन तात्पुरतं चढलेलं असू शकतं. ते पहाटे कामाआधी घ्या, आणि ‘जुनाट’ हा शब्द तीन महिन्यांनी पुन्हा तपासल्याशिवाय वापरू नका. रक्त घेतल्यावर दोन तासांत सीरम वेगळं व्हायला हवं, तेव्हा जवळची प्रयोगशाळा आधी शोधा, टोळी नंतर.

शब्द

‘ऑपरेशन झालंय का?’ या प्रश्नाला बऱ्याच बायका कुटुंबनियोजनाच्या ऑपरेशनचं उत्तर देतात. ‘मूल बंद करायचं ऑपरेशन’ आणि ‘पिशवी काढायचं ऑपरेशन’ हे दोन वेगळे प्रश्न करा, आणि दुसऱ्याला ‘हो’ आलं तर ‘त्यानंतर पाळी आली का?’ हा पडताळा लावा. ‘बीपी आहे का?’ला ‘आहे, लो आहे’ असं उत्तर येतं. चक्कर आली की लो, हे समीकरण पक्कं आहे. त्याऐवजी: पट्टा बांधून कुणी मोजलं का, काय सांगितलं, गोळी दिली का, आज घेतली का. गोळीचं रिकामं पाकीट मागा. कित्येकदा बीपीची म्हणून दाखवलेली गोळी डायक्लोफेनॅक ही वेदनाशामक निघते.

वय विचारलं की ‘लिहा चाळीस’ येतं. १९७२ चा दुष्काळ, १९९३ चा किल्लारीचा भूकंप, यांवरून मोजा: भूकंपाच्या वेळी लग्न झालं होतं का, पोर कडेवर होतं का?

पिशवीचे, पाळीचे प्रश्न कोपीत विचारण्यात अर्थ नाही. पाचटाच्या भिंतीला कान असतात, आणि शेजारी नवरा. ते गावातल्या मोजणीत विचारा, बाईनेच विचारा, आणि त्याच वेळी दुसऱ्या कार्यकर्त्याने नवऱ्याची मुलाखत ओसरीवर लावून द्यावी.

हे सगळं करणारे कार्यकर्ते शक्यतो त्याच गावांतले घ्या: कोयता सोडलेली, दहावीपर्यंत शिकलेली बाई यात सगळ्यात सरस ठरते. सहा दिवसांचं प्रशिक्षण, त्यातले दोन फक्त बीपीचे. मोबाइलवर माहिती भरायला कोबो टूलबॉक्ससारखं साधन वापरा, ते रेंज नसतानाही चालतं. नावं आणि सांकेतिक क्रमांक वेगवेगळ्या फाइलींत. फोन नंबर एक घेऊन भागत नाही, रिचार्ज संपला की तो मरतो. स्वतःचा, गावातल्या नातलगाचा, आणि परवानगी असेल तरच मुकादमाचा.

गोळी आधी, पट्टा नंतर

औषधाची सोय ठरण्याआधी कुणाच्याही दंडाला पट्टा बांधू नका. प्राथमिक आरोग्य केंद्रातून साधारण ३० दिवसांच्या गोळ्या मिळतात आणि माणूस पाच महिने जातो. म्हणून भाद्रपदातच वैद्यकीय अधिकाऱ्यांशी बोलून जाणाऱ्यांना जास्त दिवसांचा साठा मिळेल का हे ठरवा, लेखी घ्या. सोबत एक कार्ड: निदान, औषधाचं नाव, मात्रा, शेवटचं बीपी, मोठ्या अक्षरात, प्लॅस्टिकमध्ये. कर्नाटकात जाणाऱ्यांसाठी औषधाचं नाव इंग्रजीतही. कारखान्याच्या परिसरातलं जवळचं सरकारी केंद्र कोणतं, याची प्रत्येक टोळीसाठी चिठ्ठी.

१८० वर ११० किंवा त्यापुढे बीपी निघालं, तर त्याच दिवशी डॉक्टर. तीनशेपुढच्या शुगरसोबत उलट्या किंवा दम असेल तरी तसंच. या माणसाला नेण्याचं भाडं, सोबत गेलेल्याचा खाडा आणि बुडालेला रोज, यासाठी अंदाजपत्रकात वेगळी ओळ लागते. नीतिमत्ता समितीला ‘रुग्णाला संदर्भित केले जाईल’ एवढं लिहून देणं सोपं आहे. रात्री अकराला, ट्रॅक्टर भरणं चालू असताना, त्याला बत्तीस किलोमीटर कोण नेणार, याचं नाव आणि नंबर लिहा.

परत देणं

निष्कर्ष आधी गटासमोर, मग गावच्या बैठकीत, मग कारखाना, आरोग्य विभाग आणि शेवटी मासिकं. टक्केवारी सांगू नका. शंभर काड्यांची मोळी आणा, बीपी असलेल्यांच्या तितक्या काड्या बाजूला काढा, त्यातल्या गोळी सुरू असलेल्यांना दोरा बांधा. बिनदोऱ्याच्या काड्या लोक स्वतःच मोजायला लागतात. एखाद्या गावाचा किंवा टोळीचा आकडा वेगळा दाखवू नका, वीसेक माणसांत कोण ते लगेच ओळखू येतं.

बैठक दसऱ्याच्या पंधरा दिवस आधी संपलेली हवी. त्यानंतर उचलीचे हिशोब सुरू होतात आणि ज्या बायकांनी चिंचोके मांडले त्यांना यायला सवड नसते. आणि त्या दिवशी गोळ्यांचं खोकं सोबत असू द्या, कारण काड्या मोजून झाल्यावर पहिला प्रश्न हाच येतो की यंदा किती दिवसांच्या मिळणार.